आपलाच गोल

त्याला सगळे 'आपलाच' म्हणत. खरं नाव वीज कंपनीच्या ओळखपत्रावर होतं आणि ते ओळखपत्र छातीवर लावूनच तो दारोदार फिरत असे. पण दार उघडणारा माणूस ते न वाचताच आत वळून सांगायचा, "अगं, आपलाच आलाय, मीटर बघायला." घरात कुणी परका बसलेला असला तर त्याला वाटायचं, नात्यातलंच कुणीतरी आलं. मग त्या पाहुण्याला ती गोष्ट सांगावी लागे, आणि सांगायला घरातला कुणीही तयार असे.

गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारची. शहरातल्या सार्वजनिक खात्यांची तेव्हा दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा होत असे. वीज कंपनीनं ती लागोपाठ सहा वर्षं जिंकली होती. कप दरवर्षी परत करायचा असतो, हे कंपनीत आता कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. तो मॅनेजरच्या टेबलावर असे आणि त्यात पेन्सिली उभ्या केलेल्या असत.

सातव्या वर्षी मोठ्या इस्पितळाला पत्र गेलं की तुम्हीही संघ पाठवा. अधीक्षकांनी पत्र डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांना वेळ नव्हता. तिथून ते औषध विभागात गेलं, मग कार्यालयात, मग स्वयंपाकघरात, आणि शेवटी तळघरातल्या धुलाई विभागात येऊन थांबलं, कारण त्याच्या खाली कुणी नव्हतं. धुलाईवाल्यांनी मोजून अकरा माणसं जमवली. यंत्रांवरचे चौघं, चादरींना इस्त्री करणारे तिघं, दोन हमाल, गाडीचा ड्रायव्हर आणि बॉयलर सांभाळणारा बॉयलरवाला. शिवणखोलीतल्या बायकांनी पेशंटांच्या जुन्या हिरव्या कापडाचे शर्ट शिवून दिले. पाठीवर आकडे घालायचं राहून गेलं, त्यामुळे खेळताना त्यांना कुणी ओळखत नसे. एकदा खेळल्यावर ही सोयच वाटू लागली.

तसा पहिला सामना झालाच नाही, समोरचा संघ चुकीच्या मैदानावर गेला होता. दुसरा टपाल खात्याशी होता. टपालवाल्यांचा गोलकीपर अपेंडिक्सच्या दुखण्यानं त्याच इस्पितळात भरती झाला होता आणि धुलाईवाल्यांनी धुतलेल्या चादरीवर पडून होता. तरीही सामना बरोबरीत सुटला आणि नाणं धुलाईवाल्यांच्या बाजूनं पडलं. अशा रीतीनं एकही गोल न मारता ते अंतिम सामन्यात पोचले.

तिथे समोर वीज कंपनी. ऐंशी मिनिटं कंपनीवाले मारत होते आणि चेंडू खांबाला, आडव्या दांडीला, नाहीतर कुणाच्या तरी गुडघ्याला लागून परत येत होता. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला तो बॉयलरवाल्याच्या पायाशी आला. बॉयलरवाल्याचा ऊर फुटायला आला होता. चेंडू जमेल तितका लांब जावा आणि तो परत येईपर्यंत आपल्याला दोन श्वास घेता यावेत, एवढ्याच हेतूनं त्यानं तो उडवला. चेंडू खूप उंच गेला आणि वाऱ्यानं आणखी पुढे सरकला. त्याच्या खाली कंपनीचा सगळ्यात उंच बचावपटू उभा होता. आसपास तीस पावलांत हिरवा शर्ट नव्हता. त्यानं "माझा" म्हणून खणखणीत आवाज दिला आणि डोक्यानं चेंडू अलगद आपल्या गोलकीपरकडे सोडला. गोलकीपर मात्र तोवर चार पावलं पुढे आला होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, एकदा टप्पा खाल्ला आणि इतक्या सावकाश रेषेपार गेला की उंच बचावपटूला दोनदा "नको, नको" म्हणायला वेळ मिळाला.

प्रेक्षकांत कुणीतरी उशिरा आलेल्यानं विचारलं, "कुणी मारला?"

कंपनीचा एक वायरमन म्हणाला, "आपलाच."

एवढं पुरलं.

पुढच्या महिन्यात आपलाचची 'प्रशासकीय कारणास्तव' कार्यालयातून मीटर वाचणाऱ्यांत बदली झाली. गोलकीपर कंपनीच्याच बिल विभागात होता. त्यानं त्या दिवसापासून आपलाचशी बोलणं टाकलं. दोघं लिफ्टमध्ये एकत्र सापडले तर गोलकीपर किती माणसांचं वजन चालेल याची पाटी वाचत राहायचा. अठ्ठावीस वर्षांत ती पाटी त्याला पाठ झाली असणार.

नव्या कामावर आपलाचच्या वाट्याला पहिली फेरी इस्पितळाच्या तळघराची आली, कारण ती दुसरं कुणी घेत नव्हतं. मीटर शिवणखोलीच्या मागच्या भिंतीवर होतं. तो मान खाली घालून आत शिरला, तशी फाटक्या चादरींना ठिगळ लावणारी एक मुलगी उठली, तिनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला आणि म्हणाली, "आमच्या सगळ्यांकडून आभार." तिला चेष्टा करायची होती. पण त्यानं पेला घेतला, पाणी प्यायला आणि तिथेच चादरींच्या ढिगावर बसून लहान मुलासारखा रडला. ती गडबडली. पुढच्या महिन्यात मीटरचा आकडा बघायला त्याला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त लागला. वर्षाच्या आत त्यांनी लग्न केलं. ती बॉयलरवाल्याची धाकटी बहीण. म्हणजे ज्याच्या टोल्यानं तो बदनाम झाला, तोच त्याचा मेहुणा झाला, आणि सगळा धुलाई विभाग सासरवाडी.

माणसाला कशाचीही सवय होते. दारोदार लोक गोष्ट काढणारच, तर आपणच आधी सांगून मोकळं व्हावं, असं त्यानं ठरवलं. वर्षं गेली तशी गोष्ट चांगली घोटली गेली. दारात उभ्यानं सांगायची तीन मिनिटांची होती, चहा मिळाला तर पाव तासाची. कुठे थांबायचं, "नको, नको" कुठल्या आवाजात म्हणायचं, हे सगळं त्याला जमलं. निरोप समारंभांना त्याला मुद्दाम बोलवत. लोक पोट धरून हसायचे. घरी आल्यावर तो बुटांचे बंद सोडता सोडता म्हणायचा, "कंटाळा आला या गोलचा. मेल्याशिवाय पाठ सोडत नाही." बायको म्हणायची, "मग नका सांगू." पुढच्या आमंत्रणाला तो पुन्हा जायचा.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी एक चित्रपटवाली दिग्दर्शिका आली. तिशीच्या आतबाहेरची, केस आखूड, हातात जाड वही. तिला त्या सामन्यावर चित्रपट काढायचा होता. ती धुलाई विभागात गेली, मैदानावर गेली, बॉयलरवाल्याकडे जेवली, आणि आपलाचकडे तर दोन दिवस बसली. त्यानं तिला पाव तासाची गोष्ट तासभर सांगितली. ती हसली, गोष्टीत शिवणखोली आली तिथे तिनं डोळे पुसले, आणि वही भरली. ती गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "आता काय, थिएटरात हसतील. जगभर नाव होईल."

"वाईट वाटतंय?" बायकोनं विचारलं.

"वाटायला काय, सवय आहे," तो म्हणाला, आणि संध्याकाळी न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला.

चार महिन्यांनी दिग्दर्शिका पुन्हा आली. या वेळी ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, पटकथा झाली. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. तुमचा गोल आम्ही काढून टाकलाय."

"काढून म्हणजे?"

"लोक दोन तास या गरीब धुलाईवाल्यांच्या बाजूनं जीव मुठीत धरून बसणार. आणि शेवटी ते समोरच्याच्या चुकीनं जिंकले, हे कुणाला आवडेल? म्हणून चित्रपटात बॉयलरवाला हवेत उलटी उडी मारून गोल करतो."

 बॉयलरवाल्याला आपलाचनं पलंगावर उडी मारून बसतानाही कधी पाहिलं नव्हतं.

"आणि मी?"

"तुम्ही आहात. एक उंच बचावपटू आहे. त्याला संवाद नाहीत." मग ती पुढे झुकली. तिचा आवाज अगदी आपुलकीचा होता. "काका, अठ्ठावीस वर्षं तुम्ही हे ओझं वाहिलंत. आम्ही ते कायमचं पुसून टाकलंय."

ती गेल्यावर त्याला हायसं वाटलं. खरंच वाटलं. त्यानं बायकोला हाक मारून सगळं सांगितलं. ती उशीला अभ्रा घालत होती. ऐकून तिनं अभ्रा अर्धाच ठेवला.

"गोल झालाच नाही?"

"झाला, पण तुझ्या दादांनी मारला."

"मग तुमची बदली कशाला होईल? तुम्ही तळघरात कशाला याल?" ती म्हणाली. "आपलं लग्न कसं झालं मग?"

याचं उत्तर पटकथेत नव्हतं.

चित्रीकरण त्याच जुन्या मैदानावर झालं. गर्दीसाठी माणसं हवी होती. आपलाचलाही बोलावलं आणि वीज कंपनीच्या बाजूच्या बाकावर बसवलं. गोल झाला की दुःखी व्हायचं, एवढंच काम. बॉयलरवाल्याचं काम करणारा नट देखणा होता. त्याच्या कमरेला तार बांधून त्याला वर ओढत, तो हवेत उलटा होई आणि पाय झाडी. पण चेंडू काही केल्या जाळ्यात जाईना. कधी प्रेक्षकांत गेला, कधी कॅमेऱ्यावर, एकदा तर चहाच्या भांड्यात. सकाळपासून दुपारपर्यंत अठरा वेळा झालं. धुलाईवाल्यांचा संघ जिंकायचं नाव घेईना.

एकोणिसाव्या वेळी चेंडू नटाच्या नडगीला लागला आणि सरळ वर उडाला. खाली कंपनीच्या शर्टातला उंच नट उभा होता. तो चुकवायला गेला, चेंडू त्याच्या डोक्यावर बसला, तिथून गोलकीपरच्या डोक्यावरून गेला, टप्पा खाल्ला आणि हळूच रेषेपार गेला.

 बाकावरून एकटा आपलाच उठून उभा राहिला. हात आपोआप वर गेले होते.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. "हा चालणार नाही. हे कुणाला खरं वाटणार आहे?"

एक सहायक पळत बाकाशी आला. "काका, बसा. तुम्ही दुःखी आहात."

बाविसाव्या वेळी एकदाचा गोल झाला. मग गर्दीचे चेहरे टिपायला कॅमेरा जवळ आणला. सहायकानं आपलाचला सांगितलं, "तुमचं काहीतरी कुणीतरी हिरावून नेलंय, असा चेहरा करा." त्याला काही करावं लागलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते गालावर उतरलं. दिग्दर्शिका सगळ्यांना म्हणाली, "बघा, याला म्हणतात नैसर्गिक."

चित्रपट खूप चालला. लोक थिएटरात उभे राहून टाळ्या वाजवायचे. त्या गोलच्या वेळी संगीत थांबायचं, नट हवेत तरंगायचा आणि धुलाई विभागाच्या मावश्या, ज्यांनी खरा सामना स्वतः पाहिला होता, त्याही पदरानं डोळे पुसायच्या.

बॉयलरवाला पासष्टीला आला होता. त्याच्या एका गुडघ्यात स्टीलची वाटी होती. त्याला शाळांतून बोलावणी येऊ लागली. पहिल्या शाळेत तो म्हणाला, "पोरांनो, मी गोल मारला नाही. दम लागला होता म्हणून नुसता चेंडू उडवला." शिक्षक पोरांना म्हणाले, "हा विनय शिका." दुसऱ्या शाळेतही तसंच. जितकं तो नाही म्हणे तितका मोठा होई. तिसऱ्या-चौथ्या शाळेपासून तो म्हणू लागला, "चित्रपटात दाखवलाय तितका काही मी उंच उडालो नव्हतो." हे खोटं नव्हतं. पुढे पुढे मात्र किती उडालो होतो, ते तो हातानं दाखवू लागला.

आपलाचला हे सगळं जेवणाच्या टेबलावर कळायचं आणि तो हसायचा. मग एका लाईनमनच्या निरोप समारंभाला त्याला नेहमीसारखं बोलावलं. त्यानं पाव तासाची गोष्ट लावली. "माझा" म्हणाला, थांबला. इथे हशा ठरलेला. हशा आला नाही. पुढच्या रांगेतला एक तरुण इंजिनीअर अदबीनं म्हणाला, "काका, तो गोल बॉयलरवाल्यांनी मारला ना?"

"नाही रे. मीच. आमच्याच जाळ्यात."

इंजिनीअरनं फोनवर चित्रपटाचा तो तुकडा काढून शेजाऱ्यांना दाखवला. मागे कुणीतरी हळू बोललं, पण ऐकू जाईल इतकंच हळू. "हल्ली ज्याला त्याला त्या सामन्यात घुसायचं असतं."

आपलाचनं गोष्ट पुरी केली नाही. घरी येऊन तो बुटांसकट पलंगावर बसून राहिला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मी लबाड ठरलो," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं तो गोल मी नको नको म्हणत सांभाळला. आणि आज लोक म्हणतात, तुझा नाहीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रीडा संघटनेच्या कार्यालयात गेला. सामन्यांच्या नोंदींच्या वह्या तिथे असत. पंचानं लिहिलेलं असणार, एक्क्याऐंशीवं मिनिट, स्वयंगोल, आणि पुढे त्याचं नाव. कारकूनबाईंनी कपाट उघडलं, वही काढली, पान काढलं. पानावर बॉयलरवाल्याचं नाव होतं. शाई छान फिकी पडलेली, कोपऱ्यावर चहाचा डागही होता.

"हे अक्षर पंचांचं नाही," आपलाच म्हणाला.

बाईंनी वही उलटीपालटी करून पाहिली. "अहो, ही त्यांची दिसतेय. चित्रपटवाल्यांनी मूळ वही नेली होती. ती म्हणे जुनी वाटत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी बनवली. परत करताना बहुतेक हीच आली."

"आणि मूळ?"

"ती टाकली असेल त्यांनी. पण ही जास्त चांगली आहे बघा, पानंही सुटलेली नाहीत."

पंच वारले होते. जवळून पाहिलेला एकच साक्षीदार उरला, जो त्या क्षणी चार पावलांवर होता. आपलाचनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो गोलकीपरच्या घरी गेला. निवृत्तीनंतर गोलकीपर घड्याळं दुरुस्त करायचा. खिडकीशी टेबल, त्यावर डबीत बारीक चाकं, डोळ्याला भिंग. दार त्याच्या सुनेनं उघडलं. आपलाच उंबऱ्यावरच थांबला. वाचायला इथे लिफ्टची पाटी नव्हती, तेव्हा हा आता कुठे बघणार, असं त्याच्या मनात आलं.

गोलकीपरनं डोळ्यावरचं भिंग काढलं, उठला आणि दोन्ही हात पुढे करून आला.

"अरे, ये ना. आत ये. किती वर्षांनी."

त्यानं आपलाचला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला. "पाहिलास ना चित्रपट? मी तीनदा पाहिला. काय गोल होता रे. तसला गोल कुणाच्या बापाला अडवता आला नसता."

"पण ते तसं झालं नव्हतं," आपलाच म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"मी तिथेच होतो की." गोलकीपरनं सुनेला आत चहाचं सांगितलं आणि ती जाईपर्यंत थांबला. "इतकी वर्षं मी घरातसुद्धा तुझ्यावर ढकलत आलो. बायकोला सांगितलं, मुलाला सांगितलं, यानं आवाज दिला नाही म्हणून मी पुढे आलो."

"मी आवाज दिला होता."

"दिला होतास. ऐकला होता मी." त्यानं टेबलावरचं एक चाक उचललं, परत डबीत टाकलं. "पण त्या दिवशी ऐंशी मिनिटांत एकदाही चेंडू माझ्याकडे आला नव्हता. म्हटलं, एक तरी आपण धरावा. मॅनेजर बघत होते. म्हणून आलो पुढे. जागेवर थांबलो असतो तर चेंडू हातात पडला असता."



"हे आजपर्यंत का नाही बोललास?"

"कसं बोलणार? तेव्हा चूक होती ती. आता ते झालंच नाही ना." गोलकीपर हसला, आणि त्याचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान दिसला. "जे झालंच नाही ते कबूल करायला काय जातं? नातू परवा मला म्हणाला, आजोबा, तुमच्यावर इतका भारी गोल झाला? शाळेत सांगितलं त्यानं सगळ्यांना. अभिमानानं सांगितलं." मग त्यानं विचारलं, "तू कशाला आला होतास?"

आपलाच आला होता तो सही घ्यायला. खिशात कागद होता, त्यावर खरी हकीकत लिहिलेली होती, खाली दोन नावांची जागा सोडलेली.

"सहज," तो म्हणाला. "घड्याळ मागे पडतंय माझं." आणि त्यानं मनगटावरचं चांगलं चालणारं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं तेव्हा ती चिडली. नवऱ्यावर नाही, गोलकीपरवरही नाही. ती तडक भावाकडे गेली. बॉयलरवाला अंगणात खुर्ची टाकून एका मासिकाला देण्यासाठी आपले जुने फोटो निवडत होता.

"दादा, माझ्याकडे बघून सांग. तू मारलास तो गोल?"

बॉयलरवाल्यानं फोटो खाली ठेवले. "नाही."

"मग हातवारे करून काय दाखवत असतोस शाळाशाळांतून?"

"अगं, मी खरं सांगून पाहिलं. लोक ऐकत नाहीत. खोटं सांगितलं की लगेच ऐकतात. मी तरी किती भांडू?"

"एकदा भांड. ह्यांच्यासाठी. रविवारी."

रविवारी सकाळी मैदानावर समारंभ होता. ज्या जागी तो गोल झाला तिथे संघटना फरशी बसवणार होती, पितळी अक्षरांची. खुर्च्या मांडल्या होत्या, दिग्दर्शिका आली होती, अध्यक्ष बोलले आणि त्यांनी बॉयलरवाल्याला पुढे बोलावलं. बॉयलरवाला गुडघा सांभाळत उठला. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी आज खरं सांगणार आहे," तो म्हणाला. "मी गोल मारलेला नाही. चित्रपट खोटा आहे. मी चेंडू उडवला, तोही दमलो होतो म्हणून. गोल केला माझ्या भावोजींनी, स्वतःच्याच जाळ्यात. ते तिथे बसलेत. आम्ही जिंकलो ते त्यांच्यामुळे. ही फरशी त्यांच्या नावानं बसवा."

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं मैदान टाळ्यांनी भरून गेलं. लोक उभे राहिले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि माईक घेतला. "मोठी माणसं अशीच असतात. आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण, आणि तो यांनी बहिणीच्या नवऱ्याला देऊन टाकला." दिग्दर्शिकेनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग लोकांनी भावोजींनाही पुढे ढकललं. आपलाचच्या हातात माईक आला. समोर दोन-चारशे माणसं होती आणि या वेळी सगळी गप्प होती. गोष्ट जिभेवर तयार होती. पाव तासाचीसुद्धा ऐकली असती त्यांनी. बायको पहिल्या रांगेतून त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्या रांगेत गोलकीपर नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं नातवाभोवतीचे हात आवळले होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

"गोल मी अगदी जवळून पाहिला," आपलाच म्हणाला. "तो अडवणं कुणाच्याच हातात नव्हतं."

आणि त्यानं माईक परत दिला.

परतीच्या वाटेवर बायको पुढे पुढे चालत होती. बेकरीच्या कोपऱ्यावर तिनं तोंड उघडलं. "दादानं एवढं जीव एकवटून सांगितलं आणि तुम्ही पाणी ओतलंत. खोटं बोललात चक्क."

"जवळून पाहिला, हे खोटं आहे?"

"अहो, चेष्टा नका करू. माझं लग्न पुसलंत तुम्ही आज चारशे लोकांसमोर."

"त्यांना काय करायचंय आपल्या लग्नाशी," तो म्हणाला. "ते झालंय, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला फरशी कशाला हवी?"

तिला हे पटलं नाही. पटल्यासारखं तिनं दाखवलंही नाही. पण ती चालायची थांबली, कारण मागून कुणीतरी हाका मारत होतं. गोलकीपर धापा टाकत येत होता. नातवाला त्यानं सुनेबरोबर पुढे पाठवून दिलं होतं. जवळ येऊन त्यानं खिशातून घड्याळ काढलं.

"हे घे. उघडून पाहिलं मी. याला काहीही झालेलं नाही."

"हो का?" आपलाच म्हणाला.

"हो." दोघंही घड्याळाकडे बघत राहिले. बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पर्समधून किल्ली काढली आणि म्हणाली, "रस्त्यात काय उभे राहताय दोघं. घरी चला, चहा टाकते."

घरी आल्यावर पुरुष टेबलाशी बसले. थोड्या वेळानं बॉयलरवालाही लंगडत आला आणि न विचारता खुर्ची ओढून बसला. तिनं चार कप मांडले. नवऱ्याला दीड चमचा साखर लागायची, भावाला डॉक्टरांनी बंद केली होती. चौथ्या कपापाशी तिचा हात थांबला. एकाच गावात, नवऱ्याच्याच कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, आणि तिला हे माहीत नव्हतं.

"साखर किती घालू?" तिनं विचारलं.

"एकच," गोलकीपर म्हणाला.